फिनेस बॅससाठी रॉड आणि रील जुळवताना: कामाच्या नोंदी

१ फेब्रुवारी

बॅस या गोड्या पाण्यातल्या माशासाठी हलक्या आमिषांचा, म्हणजे फिनेसचा, एक सेट उभा करायचा आहे. सध्या हाताशी मीडियम-हेवी, म्हणजे बराच ताठ, रॉड आहे, त्यावर बेटकास्टिंग रील आणि १४ पौंड ताण झेलणारी फ्लुरोकार्बनची लाईन (गळाची दोरी). जड जिग (डोक्याला शिसं असलेला गळ) टाकायला, गवतातून मासा उपसून काढायला तो सेट झकास. पण पाणी निवळ असलं, किंवा हवा पालटून मासे तळाला चिकटले, की तिथे बारीक लाईन, छोटं आमिष आणि संथ हात लागतो. ते या सेटवर जमत नाही.

रॉड बघायला निघण्याआधी पाण्यात नक्की काय टाकायचं आहे ते मांडून बसलो. ड्रॉपशॉट: टोकाला ५ ते ७ ग्रॅमचं शिसं, त्याच्या वीतभर वर १ किंवा २ नंबरचा बारीक तारेचा उघडा गळ. नेड: २.५ ते ५ ग्रॅमचं चपट्या डोक्याचं जिग, मागे अडीच-तीन इंची रबरी तुकडा, गळ पुन्हा उघडाच. वॅकी: मधोमध टोचलेला पाच इंची रबरी किडा, शिसं नाही. नेको: तोच किडा, डोक्यात खिळ्यासारखं शिसं. आणि शेकी हेड: ५ ग्रॅमचं डोकं, पण इथे गळ जाड आणि त्याचं टोक किड्याच्या अंगात लपवलेलं.

सगळं एकेक करून वजनकाट्यावर ठेवलं. बिनशिशाचा म्हणून हलका धरलेला पाच इंची किडा एकटाच जवळपास १० ग्रॅम भरला. त्यात भरपूर मीठ असतं. म्हणजे यादीतल्या जड आमिषांत तोही मोडतो, आणि बऱ्याच मीडियम-लाईट रॉडवर छापलेली वरची मर्यादा ३/८ औंस, म्हणजे १०.६ ग्रॅम. रॉड घेताना हे लक्षात ठेवायचं.

एकाच रॉडवर हे सगळं भागवायचं, असं सध्या धरून चाललो आहे.

८ फेब्रुवारी

नवीन घेण्याआधी जुन्यावरच ३.५ ग्रॅम टाकून पाहिलं. नाही जमत. बेटकास्टिंग रीलचा स्पूल (लाईन गुंडाळायची फिरकी) आमिषाच्या ओढीने फिरावा लागतो. साडेतीन ग्रॅमला तो जड स्पूल नीट फिरवता येत नाही. ब्रेक सैल केला की स्पूल आमिषाच्या पुढे धावतो आणि लाईनचं भेंडोळं होतं. आवळला की आमिष पायाशी पडतं.

यावर उपाय म्हणून जपानी लोकांनी खास हलक्या, उथळ स्पूलची रीलं काढली, त्यांना बीएफएस (बेट फिनेस सिस्टीम) म्हणतात. एका मित्राचं हातात घेऊन बघितलं. झुडपांच्या खाली सपाट, नेमकं आमिष सरकवायला ते खरंच छान आहे. पण माझी गरज निराळी. मला खोल पाण्यात ड्रॉपशॉट सरळ खाली सोडायचा आहे आणि वाऱ्याविरुद्ध अडीच ग्रॅम फेकायचं आहे. स्पिनिंग रीलचा स्पूल स्थिर असतो, लाईन त्याच्या कडेवरून मोकळी सुटते, आमिषाला काहीच फिरवावं लागत नाही. बीएफएस बाजूला ठेवलं. स्पिनिंग ठरलं.

१५ फेब्रुवारी

आजचा दिवस रॉडमध्ये गेला, पण सार्थकी लागला.

सात फुटी दोन रॉड मागून आणले, वेगवेगळ्या कंपन्यांचे. दोन्हींवर मीडियम-लाईट, फास्ट असं छापलेलं. दुकानात टोक हलवून बघतात तसं करून काही कळत नाही, म्हणून मूठ टेबलाला क्लॅम्पने आवळली, रॉड आडवा ठेवला आणि टोकाला रिकामी बाटली टांगून त्यात हळूहळू पाणी ओतत गेलो. टोक रॉडच्या लांबीच्या एक तृतीयांश, म्हणजे सात फुटाला साधारण ७१ सेंटिमीटर, खाली आलं की थांबायचं आणि बाटलीचं वजन करायचं. रॉड स्वतः बनवणारी मंडळी ताकद मोजायला हीच एक तृतीयांशची रीत वापरतात.

एका रॉडला जेवढं वजन लागलं त्याच्या दीडपटीच्या आसपास दुसऱ्याला लागलं. शिक्का तोच! बाक पाहिला तर पहिला निम्म्या लांबीपासून वळत होता, दुसरा फक्त वरच्या तिसऱ्या भागात. पॉवर (रॉडची ताकद) आणि ॲक्शन (रॉड कुठून वाकतो ते) यांचं सगळ्या कंपन्यांना बांधील असं कुठलंच माप नाही, ज्याला जे वाटेल ते तो छापतो. त्यातल्या त्यात आमिषाच्या वजनाचा आकडा बरा बोलतो. मऊ रॉडवर १/१६ ते ५/१६ औंस होतं (१.८ ते ८.९ ग्रॅम), ताठ रॉडवर १/८ ते १/२ औंस (३.५ ते १४ ग्रॅम). एवढा फरक असताना दोघांना एकच नाव कसं देतात कोण जाणे.

कार्बन किती ताठ ते सांगणारे टनांचे आकडेही बघितले. जास्त मॉड्युलसचा, म्हणजे जास्त ताठ कार्बनचा, ब्लँक (रॉडची मूळ काठी) हलका असतो, तळाचा खडा-माती हाताला जास्त स्पष्ट कळते, पण ठोक्याला तो नाजूक. ड्रॉपशॉटचं शिसं प्रवासात लोंबकळत ब्लँकवर आपटलं तर बारीक चीर पडते, ती दिसत नाही आणि पुढे मासा ओढताना रॉड तिथेच मोडतो. मग माणूस कंपनीला शिव्या घालतो. मधला ब्लँक घ्यायचा आणि शिसं रबर बँडने बांधून न्यायचं, असं ठरवलं.

मऊ रॉड घेतला. लांबी ७ फूट, ८ ग्रॅमपर्यंत आरामात, १० ग्रॅमचा किडा जोर न लावता झुलवत टाकायचा.

२२ फेब्रुवारी

रील. इथे आकड्यांचा घोळ आणखी मोठा आहे.

फिनेससाठी २५०० साईज घ्या, असं सगळे सांगतात. पण कुणाचा २५००? दायवा कंपनीने २०१८मध्ये रीलची एलटी मालिका आणली तेव्हा आपली मापंच बदलली. त्यांचा जुना २५०० शिमानोच्या २५००पेक्षा मोठा असायचा, एलटीचा जवळपास त्याच्या बरोबरीला आला. म्हणून जुनं रील घेणाऱ्याने आकडा न बघता वजन आणि स्पूल बघावा. शिमानोच्या आकड्याआधी सी असेल तर अंग एका साईजने लहान: सी३००० म्हणजे २५००च्या अंगावर ३०००चा स्पूल. आकड्यामागे एस असेल तर स्पूल उथळ. मला उथळच हवा होता. बारीक ब्रेडेड (तंतू विणून केलेली) लाईन दीडशे मीटर बसली की पुष्कळ झालं. खोल स्पूल घेतला तर उरलेली जागा भरायला खाली नायलॉनचा ढीग गुंडाळत बसावं लागतं.

गिअर रेशो ५.३ घ्यावा की ६.२ यावर बराच वेळ घातला. २५०० साईजवर ५.३ला हँडलच्या एका फेऱ्यात साधारण ७५ सेंटिमीटर लाईन येते, ६.२ला ९०च्या आसपास. आमिष तर आपण रॉडने हलवणार, रीलने नाही. मग वेग कशाला? दोन कारणं. ड्रॉपशॉटला लागलेला मासा नावेच्या दिशेने वर धावला की ढील पटकन गोळा करावी लागते. आणि खोल पाण्यातून शिसं दहादा वर आणायचं असतं. ६.२ घेतलं.

बेअरिंगच्या संख्येकडे बघितलंच नाही. बघितलं ते हे: ड्रॅग (ठरावीक ओढीला लाईन सुटू देणारा रीलचा ब्रेक) सैल करून लाईन बोटांनी हळू ओढली तर स्पूल सुटताना अडखळतो का, आणि हँडलमध्ये मागे-पुढे खेळ आहे का. पैशाचं म्हणाल तर रॉडला झुकतं माप दिलं. रील मधल्या दर्जाचं. लाईनमध्ये काटकसर केली नाही.

१ मार्च

लाईन भरली. ब्रेडेड, पीई या जाडीच्या मापात ०.८ (०.१४८ मिलिमीटर), पुढे ६ पौंडी फ्लुरोकार्बनचा लीडर (लाईन आणि गळ यांच्यामधला तुकडा).

भरून झाल्यावर ड्रॅग पूर्ण आवळला आणि लाईन ओढली, तर लाईन निघतच राहिली. ड्रॅग बिघडला समजून स्पूल उघडला, चकत्या पुसल्या, पुन्हा लावल्या. तेच. अर्ध्या तासाने लक्षात आलं की स्पूल जागचा हलतच नाहीये, त्याच्यावर लाईनचं अख्खं वेटोळं घसरतंय. ब्रेडेड लाईन गुळगुळीत असते आणि ती ताणली जात नाही, ॲल्युमिनियमच्या स्पूलवर ती पकड घेत नाही. सगळी उतरवली. आधी दहा-बारा फेरे नायलॉन गुंडाळला, त्याला ब्रेड बांधली, ओल्या फडक्यातून घट्ट धरून पुन्हा भरली. आता घसरत नाही. ज्यांच्या स्पूलवर रबरी पट्टी असते त्यांना हे करावं लागत नाही.

किती भरायची? कडेपासून दोनेक मिलिमीटर खाली. काठोकाठ भरली की फेक लांब जाते, असं म्हणतात ते खरं आहे, पण त्याचा जाच पुढच्या नोंदीत.

८ मार्च

पहिल्यांदा पाण्यावर. वारा आडवा. नेडचं २.६ ग्रॅमचं डोकं.

सुरुवातीच्या फेका सुरेख गेल्या. मग एका फेकीत मध्येच टक्क आवाज आला, पहिल्या गाईडशी (रॉडवरच्या लाईन ओवायच्या कडीशी) मुठीएवढं भेंडोळं अडकलं आणि आमिष लीडरसकट पाण्यात गेलं. दुपारपर्यंत हेच. फेकण्यापेक्षा सोडवण्यात जास्त वेळ गेला. वैताग.

घरी येऊन स्पूल नीट बघितला तेव्हा तीन गोष्टी दिसल्या. एक, लाईन स्पूलच्या पुढच्या कडेशी जास्त साठली होती, मागे कमी. पुढचा फुगवटा सुटताना मागचे दोन-तीन फेरे सोबत खेचून नेतो. बऱ्याच रीलच्या खोक्यात पातळ वॉशर येतात, ते याचसाठी. स्पूलखाली एक वॉशर वाढवला की स्पूल पुढे सरकतो आणि लाईन मागच्या बाजूला बसते. एक वॉशर घातला, लाईन पुन्हा भरली, आता मागून पुढे किंचित उतार येतो. हवा तसा.

दुसरी गोष्ट सवयीची. आमिष पडल्यावर मी हँडल फिरवून बेल (फेकताना उघडायची तारेची कमान) मिटवत होतो. तसं केलं की पहिला फेरा सैल बसतो आणि पुढच्या फेकीत तोच घात करतो. बेल हाताने मिटवायची, दोन बोटांत लाईन धरून थोडी ताणायची, मगच फिरवायला लागायचं. वारा असेल तर आमिष पडायच्या आधी बोटाने स्पूलची कड चेपायची, म्हणजे हवेत लाईनचा फुगा राहत नाही.

तिसरं पीळ. बोटात धरून सैल सोडली की लाईन स्वतःभोवती गुंडाळत होती. मासा ड्रॅग काढत असताना हँडल फिरवत राहिलो होतो, त्याचा हा प्रसाद. रेशो ६.२ म्हणजे हँडलच्या प्रत्येक फेऱ्याला रोटर (स्पूलभोवती लाईन गुंडाळणारा भाग) सहा वेळा फिरतो. लाईन आत येत नसेल तर ते सहाही पीळ लाईनीतच राहतात. ड्रॅग बोलत असताना हात थांबवायचा. पीळ काढायला आमिष, गळ सगळं काढून नुसती लाईन चालत्या नावेमागे लांबवर सोडली आणि चिमटीतून ओढत परत भरली.

आणि हो, स्पूल दोन मिलिमीटरची जागा न सोडता जास्तच भरला होता. वरची काही मीटर कापून टाकली.

१५ मार्च

भेंडोळी जवळपास थांबली. नेडला तीन बॅस, किलोच्या आतले. हे जिग ज्यांच्या नावाने ओळखतात ते कॅन्ससचे नेड केडी १/१६ औंस किंवा त्याहून हलकं डोकं वापरतात, मी आपलं वाऱ्याला भिऊन ५ ग्रॅमवर गेलो होतो. आज वारा पडल्यावर १.८ ग्रॅमवर उतरलो आणि तेव्हाच मासे लागले. आमिष तरंगत, रेंगाळत खाली जातं त्याचा परिणाम असावा.

शेकी हेडने मात्र दगा दिला. मासा स्पष्ट धरायचा, लाईन बाजूला चालायला लागायची, मी हिसका द्यायचो, दोन सेकंद जड लागायचं आणि सुटायचं. चारही वेळा तेच. शेवटच्या वेळी आमिष वर आल्यावर निरखून पाहिलं: किड्याच्या पाठीतून गळाचं टोक जेमतेम बाहेर आलेलं, आणि टोकापासून बार्बपर्यंतच्या (गळाच्या उलट्या काट्यापर्यंतच्या) भागावर रबराचा चुरा तसाच चिकटलेला. म्हणजे गळ माशाच्या तोंडात बार्बपर्यंत शिरलाच नव्हता.

सोबतचा मित्र म्हणाला, “अरे, रॉड मऊ आहे तुझा. मीडियम घे.” घाई करायची नाही, आधी मोजायचं असं ठरवलं.

२२ मार्च

मोजलं. या सगळ्या खटाटोपातली कामाची नोंद हीच, म्हणून सविस्तर.

ताणकाटा खांबाला बांधला, त्याला लाईन, आणि वीसेक मीटरवर उभं राहून पाण्यावर देतो तसेच हिसके दिले. कितीही जोर लावला तरी काटा ८०० ग्रॅमच्या पुढे जाईना. रॉड बदलून मित्राचा मीडियम घेतला, रील तेच. तरी ८००च. तेव्हा उजेड पडला. ड्रॅग ८०० ग्रॅमला सुटत होता. ड्रॅग सुटतो त्यापेक्षा जास्त ताण गळापर्यंत पोचूच शकत नाही, रॉड कुठलाही असो.

मग बोटाने स्पूल दाबून धरून तेच हिसके दिले. आता रॉडमधला फरक दिसला: मऊ रॉडवर काटा किलोच्या आत राहिला, मीडियमवर सव्वा किलोच्या वर गेला.

ड्रॅग ८००ला का लावला होता? कारण लीडर ६ पौंडी, म्हणजे २.७ किलो. गाठीत ताकद घटते, माशाचा झटका येतो, म्हणून लाईनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश एवढा ड्रॅग ठेवतात. त्या हिशेबाने ७०० ते ९०० ग्रॅम. त्याहून आवळला की लीडर तुटणार.

नेड आणि ड्रॉपशॉटचा उघडा, बारीक गळ टेबलावरच्या रबराच्या ठोकळ्यात टोचून पाहिला. ५०० ग्रॅमच्याही आत बार्बसकट शिरला. शेकी हेडच्या जाड गळाला, वर किड्याचं अंग फोडून जायचं असताना, किलोच्या वर ताण लागला. उलटही करून पाहिलं: ड्रॉपशॉटचा बारीक गळ मीडियम रॉडवर, बोट दाबून, जोरात ओढला. सरळ झाला! फार बारीक तार आहे ती.

तर क्रम असा लागला. आधी गळ बघायचा: उघडा की लपलेला, तार बारीक की जाड. त्याला शिरायला किती ताण लागतो त्यावरून ड्रॅग. तो ड्रॅग झेपेल असा लीडर. त्या ड्रॅगला पुरता वाकेल पण मूठ ताठ ठेवेल असा रॉड. रील शेवटी. मी रॉडपासून सुरुवात करून उलटा चाललो होतो आणि शेकी हेड त्यातच अडकलं. आमिषाचं वजन नेड आणि शेकी हेडला सारखंच असू शकतं, म्हणून वजनावरून रॉड निवडणाऱ्याला हा फरक दिसतच नाही.

२३ मार्च

कालच्याच मोजणीतलं राहिलेलं. ड्रॅग सुटायला लागताना काटा ८०० ग्रॅम दाखवत होता आणि एकदा सुटल्यावर बराच खाली यायचा. ही मधली उडी वाईट. बारीक लीडर तुटतो तो या पहिल्या झटक्याला. स्पूल उघडून फेल्टच्या चकत्या काढल्या, कोरड्याठाक होत्या. ड्रॅगसाठीच असलेलं ग्रीस बोटभर चोळून, जास्तीचं पुसून परत लावल्या. साधं तेल अजिबात घालू नका, चकत्या बुळबुळीत होऊन ड्रॅग पकडच घेत नाही. आता ही उडी बरीच लहान झाली. चालेल.

मोजताना लाईन गाईडमधून, रॉड वाकवून ओढायची. नुसत्या रीलवरून सरळ ओढून लावलेला ड्रॅग पाण्यावर जास्त आवळलेला निघतो, कारण वाकलेल्या रॉडच्या प्रत्येक गाईडशी लाईन घासते. घरी परतल्यावर ड्रॅग सैल करून ठेवायचा, नाहीतर चकत्या चेपून जातात.

जुनी माणसं ड्रॅगवर भरवसा न ठेवता रील उलटं फिरवून माशाला लाईन देत. आता बऱ्याच रीलवर तसं उलटं फिरवू देणारा खटकाच नसतो. माझ्याही नाही.

५ एप्रिल

लीडरची गाठ. डबल युनी दोन मिनिटांत होते, पण तिची जाडी वरच्या बारीक गाईडमधून जाताना खटखटते आणि हलक्या आमिषाची फेक तिथेच मरते. दोन उपाय: लीडर इतका आखूड ठेवायचा की फेकताना गाठ टोकाच्या बाहेर राहील, किंवा एफजी बांधायची. निवळ पाण्यात लीडर लांब हवा, रॉडभर तरी. एफजीमध्ये गाठ अशी नसतेच, ब्रेड फ्लुरोकार्बनवर विणत जाते, म्हणून ती पातळ राहते. वाऱ्यात, ओल्या हाताने ती बांधणं म्हणजे शिक्षा. दाताने ताण धरून, वीस विणी, मग जोरात ओढायची. ओढल्यावर ब्रेडचा रंग गडद होतो आणि वीण फ्लुरोकार्बनमध्ये रुतते, तेव्हाच ती बसली समजायची. रंग बदलला नाही तर घसरणार हे नक्की.

घरून दोन-तीन बांधून नेतो. पाण्यावर तुटली तर डबल युनी, आखूड लीडर, आणि पुढे चालू.

१२ एप्रिल

वारा. गेलो नाही. घरीच तोल बघितला. रील लावून, लीडरसकट, रॉड एका बोटावर ठेवला. तोल रीलच्या पायाच्या चांगला पुढे पडत होता, म्हणजे टोक जड. ड्रॉपशॉटला टोक वर धरून तासभर थरथरवत राहायचं असतं, मनगट भरून येतं ते यामुळे. हलकं रील म्हणजे चांगलं रील, हे सरसकट खरं नाही. मित्राचं ४० ग्रॅम हलकं रील लावून बघितलं तर टोक आणखी खाली गेलं. मुठीच्या शेवटाला १० ग्रॅमचा वजनी स्क्रू बसवला. एकूण वजन वाढलं, हाताला मात्र हलकं लागतं.

२६ एप्रिल

मीडियम रॉड घेतला, ७ फूट १ इंच, ३/१६ ते ५/८ औंस. दुसरं रील घेतलं नाही. त्याऐवजी आहे त्याच रीलचा जादा स्पूल मागवला, त्यावर पीई १ आणि ८ पौंडी लीडर. शेकी हेड आणि नेको या रॉडवर, नेड, ड्रॉपशॉट आणि वॅकी मऊवर. स्पूल बदलायला मिनिटही लागत नाही, फक्त ड्रॅगची चक्री त्या स्पूलबरोबरच येत असेल तर ती आधी वेगळी लावून, मोजून ठेवायची. पुढे सोय झाली की दुसरं रील घेईन. घाई नाही.

८ पौंडीला ड्रॅग १.१ किलोवर ठेवला. हिसका देताना तर्जनीने स्पूलची कड दाबायची आणि लगेच सोडायची. ही सवय लागायला वेळ गेला. दोनदा बोट वेळेवर सोडलं नाही आणि लीडर गेला.

३ मे

शेकी हेडवर पाच मासे धरले, चार हातात आले. गळावरचा चुरा बार्बच्या खाली सरकलेला. सुटलेला एक उडी मारताना सुटला, त्याला रॉड काय करणार.

मऊ रॉडवर ड्रॉपशॉटच्या लीडरला टोकाजवळ खरखर लागायला लागली आहे. कापसाचा बोळा प्रत्येक गाईडच्या आतून फिरवला. बाकी सगळ्यांतून साफ निघाला, टोकाच्या गाईडमध्ये दोन तंतू अडकले. सिरॅमिक कडीला केसभर चीर आहे, नुसत्या डोळ्याला दिसत नाही. नवीन टोक त्याच नळीच्या मापाचं मागवलं आहे. जुनं काढताना ज्योत थेट ब्लँकवर धरायची नाही, धातूच्या नळीला दोन-तीन सेकंद उब द्यायची, गोंद सुटला की सरळ ओढायचं, पिळायचं नाही. तोवर नेड आणि ड्रॉपशॉट बंद.